एकच भाव

आमच्या नानी बाजारातल्या दुकानांचे दोनच प्रकार मानत. एक, जिथे घासाघीस करावी लागते ती. आणि दुसरी ‘सरकारी’. यवतमाळच्या बाजारातले बाटाचे दुकान, मुंबईच्या एका गिरणीचे कापड दुकान आणि खादी भांडार ही तिन्ही त्यांच्या हिशेबी सरकारी होती. बाटा ही खाजगी कंपनी आहे, गिरणीला शेठ मालक आहे, असे कोणी समजावून सांगितले तर त्या शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “भाव लिखेला है ना? फिर तो सरकारीच हुई.” रेशनच्या साखरेचा भाव फळ्यावर लिहिलेला, एस.टी.चे भाडे तिकिटावर छापलेले, आणि कंट्रोलच्या कापडावर तर सरकारनेच भावाचा शिक्का मारायला लावलेला. बाकीच्या बाजारात भाव दुकानदाराच्या पोटात असे. तो बाहेर काढायचा म्हणजे जिभेला धार हवी, हाताशी वेळ हवा आणि उठून निघून जाण्याची हिंमत हवी.

‘साखळी दुकाने’ असा शब्द मराठी वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो. आमच्या मोहल्ल्यात तो कोणी वापरत नाही. तिथे ‘कंपनीचे दुकान’ म्हणतात. एकाच पाटीची, गावोगाव सारख्याच भावाने माल विकणारी ही दुकाने. त्यांतली जुनी बरीचशी बंद झाली, काहींनी रूप पालटले, आणि नंतर जी आली त्यांतलीही काही आमच्या डोळ्यांदेखत गेली. मॉल आले आणि किराणा बुडाला, असे लेख पुष्कळ निघतात. कंपनीच्या जुन्या दुकानांबद्दल सहसा कोणाला दया येत नाही. किराणावाला आपला असतो, कंपनी कोणाची असते? आम्ही मात्र त्या दुकानांचे थोडे देणे लागतो.

दारव्ह्याला नगर परिषदेच्या उर्दू शाळेत आम्ही शिकवतो. उद्योगधंद्यांचा धडा आला की मुलांना विचारतो, बाटा ही मूळची कुठली कंपनी? कोणी कलकत्ता म्हणतो, कोणी दिल्ली. एका मुलाने तर छातीठोकपणे सांगितले होते, “सर, टाटा का छोटा भाई है.” खरी हकिकत सांगितली की वर्गाला ती खोटी वाटते. १८९४ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन नावाच्या गावी, तोमाश बाटा नावाच्या चर्मकार घराण्यातल्या तरुणाने भावा-बहिणीला घेऊन हा धंदा उभा केला. १९३१ साली कंपनी हिंदुस्थानात आली. कलकत्त्याजवळ कोन्नगरला सुरुवात झाली आणि पुढे हुगळीच्या काठी बाटानगर वसले. त्या काळी इथला बहुतेक माणूस अनवाणी चालत होता. धनुर्वातापासून सावध राहा, लहानशी जखमही घातक ठरते, म्हणून बूट घाला, अशा अर्थाची बाटाची जाहिरात तेव्हा निघाली होती. कपाशीच्या पऱ्हाट्या पायात घुसणाऱ्या आमच्या जिल्ह्यात त्या जाहिरातीचा अर्थ कोणाला वेगळा सांगायला नको. १९७३ साली कंपनीचे शेअर लोकांना मिळाले, नाव बाटा इंडिया झाले, आणि तोपर्यंत ती इतकी इथली झाली होती की काळे शाळेचे बूट आणि निळ्या पट्ट्याची पांढरी हवाई चप्पल या वस्तू परदेशी असू शकतात हे कोणाच्या मनातही येत नसे. तिच्या भावाच्या शेवटी हमखास पंचाण्णव नाहीतर नव्याण्णव. कोणी अडनिडा आकडा सांगितला की आमच्याकडे अजून म्हणतात, “क्या बाटा का भाव बता रहा?”

या दुकानात एक बुटका स्टूल असे, पुढची बाजू उतरती केलेला. ग्राहक खुर्चीवर बसे, विक्रेता स्टूलवर, आणि ग्राहकाचा पाय त्या उतारावर. मापाच्या पट्टीवर पाय ठेवायला सांगून तो नंबर काढी, टाचेमागे चमच्यासारखी पट्टी सरकवून बूट चढवी, पुढे अंगठ्याने दाबून बघे आणि म्हणे, “चालून दाखवा.” आमचे अब्बा जिनिंगमध्ये मजूर होते. ईदच्या आधी आम्हा भावंडांना घेऊन ते दुकानात येत, तेव्हा स्वतःचे पाय खुर्चीखाली ओढून घेत. टाचांना भेगा, भेगांत रुईची धूळ. एका वर्षी अम्मीने हट्ट धरला म्हणून त्यांनी स्वतःसाठी सँडल बघायला मागितले. विक्रेत्याने त्यांची टाच तळहातावर धरली, दुसऱ्या हाताने फडक्याने पुसली आणि नंबर सांगितला, आठ. अब्बा अवघडून छताकडे बघत बसले होते. सँडल घेतले नाहीत, पण पुढची कित्येक वर्षे ‘आठ नंबर’ हा त्यांचा आवडता विनोद होता.

इतर दुकानांत अम्मीला आधी विचारत, कुठल्या? कोणाच्या? मग कपड्याकडे, बोलीकडे बघून भाव निघे. तो दरवेळी जास्तच निघे असे नाही. ओळखीचा असेल तर कमीही निघे. पण तो आमच्याकडे बघून निघे, ही गोष्ट अम्मीला खुपत असे. बुरखा घेतलेल्या बाईने चौकात उभे राहून पाच रुपयांसाठी वाद घालावा हे तिला स्वतःलाच आवडत नसे. कंपनीच्या दुकानात कलेक्टरच्या मुलाचा आणि आमचा भाव एकच होता, खोक्यावर चिकटवलेला. आम्ही भावंडे सवयीने तोंड उघडू लागलो की अम्मी दटावायची, “यहाँ भाव नहीं होता, चुप बैठ.” त्या ‘चुप बैठ’मध्ये एक प्रकारचा आराम होता.

अर्थात मोच्यांची बाजू वेगळी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे बसत, त्यांच्या वडिलांनी आसपासच्या खेड्यांतल्या निम्म्या पायांसाठी जोडे केले होते म्हणे. माप त्यांच्याकडे दोऱ्याला गाठी मारून ठेवलेले असे. कंपनीचा बूट आला आणि म्हाताऱ्यांच्या हाती फक्त दुरुस्ती उरली. जोडा करणे हे जातीचे काम होते, जोडा विकणे पगाराचे काम झाले. स्टूलवर बसून दुसऱ्याचा पाय हातात घेणाऱ्यांत मग सगळ्या जातींचे लोक आले. ही क्रांती कोणत्या पुस्तकात नोंदलेली आम्ही पाहिली नाही, पण ती झाली. फक्त तिची किंमत गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या माणसाने दिली. आज आम्ही बाटाच्या जुन्या दुकानासाठी हळहळतो तेव्हा ते म्हातारे आठवतात आणि हळहळ जरा बेताने करावी असे वाटते.

दुसरी खोट उधारीची. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. १९७२ पासून एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि शेतकऱ्याचे घर चुकाऱ्यावर चालू लागले. कापूस घातला तरी पैसे हाती यायला वेळ लागे. बाजारातला कापडवाला, जो पोटात भाव ठेवायचा, तोच चुकारा येईपर्यंत वही उघडी ठेवायचा. लग्नाचे कापड, ईदचे कापड, मयतीचे कापड, सगळे वहीवर. त्याचा वाढीव भाव म्हणजे एका अर्थी व्याजच होते, पण वेळेला तो उपयोगी पडे. कंपनीच्या दुकानात इज्जत रोखीने मिळत असे. ज्याच्या खिशात रोख नाही त्याच्यासाठी तो एकच भाव म्हणजे बंद दार. आमच्या नानींनी आयुष्यात बाटाची एकच जोडी विकत घेतली, तीही हजला जाताना.

आता मोठ्या मामूंकडे यायला हवे, कारण गिरणीच्या त्या कापड दुकानात ते एकोणतीस वर्षे विक्रेते होते. १९६८ साली लागले तेव्हा दुकानात त्यांच्यासह सहा माणसे. उंच लाकडी काउंटर, त्यावर पितळी मीटर ठोकलेला. मामू तागा उलगडत तो एका झटक्यात. कापड हवेत फुगून काउंटरवर पसरे. काठावर गिरणीचे नाव छापलेले असे आणि भावाचा शिक्का. ते काठ मामू गिऱ्हाइकासमोर मुद्दाम वर करून ठेवत. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याला पॉपलिन दाखवताना त्यांचे एक वाक्य ठरलेले होते, “हात लगाके देखो पाटील, तुमच्याच वावरातलं आहे.”

हे वाक्य अगदी पोकळ नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे टाकली ती कापसासाठीच. हीच आपली शकुंतला, दारव्ह्यावरून जाणारी. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढे, मुंबईला उतरे, तिथून मँचेस्टरला जाई किंवा मुंबईच्याच गिरण्यांत शिरे. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तर त्याही आधीपासून, १ जानेवारी १८७७ पासून, वऱ्हाडच्या कापसाच्या उशालाच उभी होती. इथून कापूस जायचा आणि कापड होऊन कंपनीच्या दुकानात परत यायचा. मधल्या प्रवासात त्याचा भाव किती पटींनी वाढला ते काठावर छापलेले असे, आणि बहुधा पाटलांच्या ते लक्षातही येत असे. शकुंतला काही वर्षांपूर्वी थांबली. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनाचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना आता फक्त पत्ता सांगण्यापुरते लागते.

मामूंच्या दुकानात आणखी एक गिऱ्हाईक हमखास येई, त्याबद्दल लिहिलेच पाहिजे. कफनाचा लठ्ठा. आमच्यात कफनाच्या कापडावर घासाघीस करत नाहीत. करावीशी वाटत नाही. आणि ज्या दुकानात घासाघीस केल्याशिवाय खरा भाव कळत नाही, तिथे कफन घ्यायला गेलेला माणूस फसतो. म्हणून मोहल्ल्यात मयत झाली की लोक थेट मामूंकडे येत. मर्दासाठी तीन कपडे, औरतीसाठी पाच. मामूंना माप विचारावे लागत नसे, फक्त मयत कोणाची एवढे विचारत आणि त्या माणसाची उंची आठवून फाडत. दुकान बंद असेल तर मॅनेजरच्या घरून किल्ली आणत. मॅनेजर वैष्णव होते. त्यांनी एकदाही, रात्री दोन वाजतासुद्धा, किल्ली द्यायला कुरकुर केली नाही, असे मामू आजही सांगतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. इथे, सहाशे-सातशे किलोमीटरवर, मामूंच्या दुकानात पहिले दोन महिने काहीच जाणवले नाही. गोदामात माल होता. मग एकेक जात संपू लागली. आधी लठ्ठा संपला, मग पॉपलिन. फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मामू एकच तागा दोन ठिकाणी अर्धा अर्धा ठेवत. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरघळला. कित्येक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. पण कापडाची तूट देशाला भासली नाही, कारण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग दिवसरात्र चालत होते. त्यांतल्या भिवंडी-मालेगावच्या मागांवर आपलीच मोमीन-अन्सारी माणसे होती. गिरणगावात चूल विझली तेव्हा मालेगावात रात्रपाळीचा दिवा लागला. याचा आनंद मानावा की दुःख, हे आम्हाला ठरवता येत नाही. मामूंना मात्र ठरवता येत असे. ते म्हणत, मागाचे कापड वाईट नाही, पण त्याच्या काठावर नाव नसते.

नंतर टेरिकॉट आले, रेडिमेड आले, आणि १९९७ साली ते दुकान बंद झाले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. सहापैकी शेवटी दोन माणसे उरली होती. हिशेबाचे पैसे मिळायला मामूंना चार वर्षे आणि मुंबईच्या अकरा फेऱ्या लागल्या. काउंटरवरचा पितळी मीटर मात्र मॅनेजरांनी त्यांना घरी नेऊ दिला.

पुढच्या वर्षी मामूंनी मोहल्ल्यातच छोटेसे कापड दुकान टाकले आणि बाहेर पाटी लावली, उर्दूत आणि मराठीत: एकच भाव. पाटी आमच्या अब्बांनी रंगवून आणली होती. लोक येत, सलाम करत, तागा बघत, भाव ऐकत आणि विचारत, “मामू, बराबर कितने का दोगे?” मामू म्हणत, “बराबरच सांगितला.” लोक उठून जात आणि शेजारच्या दुकानातून तेच कापड चार रुपये जास्त देऊन आणत, कारण तिथे दहा रुपये ‘कमी’ झालेले असत. आठ महिन्यांत भांडवल निम्म्यावर आले. मग मामी गल्ल्यावर बसू लागल्या. त्यांनी पाटी काढली नाही; फक्त प्रत्येक कापडाचा भाव पंधरा रुपयांनी चढवला आणि गिऱ्हाइकाला बसवून, चहा पाजून, कुरकुरत, कसमा न खाता, बारा रुपयांनी उतरवू लागल्या. दुकान चालले. अगदी २०१९ पर्यंत चालले. बोली सुरू झाली की मामू नमाजचा वक्त झाला म्हणत उठून जात. झाला नसला तरी. मामी हसत, “आज इनकी सात नमाजें हुईं.”

मामूंच्या अपयशाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. कंपनीचा एकच भाव लोकांना पटत होता आणि ओळखीच्या माणसाचा पटत नव्हता, असे का? आमचे मत असे की एकच भाव सांगायला तुमच्या मागे शंभर गावांत शंभर दुकाने लागतात. मुंबई-नागपूरलाही हाच भाव आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावे लागते. एकट्या दुकानदाराचा एकच भाव म्हणजे लोकांना हट्ट वाटतो. ब्रिटनमध्ये वूलवर्थ्स नावाच्या दुकानांनी १९०९ साली लिव्हरपूलला सुरुवात केली ती याच भांडवलावर: तीन पेनी आणि सहा पेनी, बस. पुढे आठशे दुकाने झाली. शंभरी भरत आली असताना, ६ जानेवारी २००९ रोजी, त्यांतले शेवटचे बंद झाले आणि सुमारे सत्तावीस हजार माणसे बेकार झाली. आमच्या मामूंसारखे तिथेही पितळी वस्तू घरी नेणारे असतील.

मॉलचे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, ते लवकर आटोपतो. गिरण्या गेल्या आणि त्यांच्याच जमिनीवर नवी दुकाने उभी राहिली. मुंबईत फिनिक्स मिलच्या आवारात बिग बझार आले. नागपुरात एम्प्रेस मिलही बंद पडली आणि आता तिच्या जागी एम्प्रेसच्याच नावाचा मॉल आहे. बी.एड.ला असताना मामूंना आम्ही तिथे घेऊन गेलो होतो. ते सरकत्या जिन्याजवळ उभे राहिले आणि विचारले, “चिमनी किधर थी?” बिग बझारची सुरुवात २००१ची. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा गर्दी आवरेना. मग २०२० ची टाळेबंदी आली, कर्ज डोईजड झाले. त्याच ऑगस्टमध्ये २४,७१३ कोटींत सगळे रिलायन्सला विकायचे ठरले, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२२ च्या सुरुवातीला बरीच दुकाने रिलायन्सने ताब्यात घेतली आणि जुलैत कंपनीची दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. वीस-एकवीस वर्षे. मामूंची एकट्याची नोकरी त्याहून लांब होती.

बाटा टिकली आहे. १९९० नंतर तिने महागड्या बुटांकडे मोर्चा वळवला, साधे गिऱ्हाईक निसटले आणि १९९५ च्या सुमारास ती तोट्यात गेली, नंतर सावरली. लहान गावांत आता तिची पाटी स्थानिक व्यापाऱ्याच्या दुकानावर असते. आमच्या यवतमाळलाही कापसाने अगदीच सोडलेले नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे, २००६ साली त्यात बेल्जियमच्या यूको कंपनीची भागीदारी झाली. म्हणजे जीनचे कापड आमच्याच शिवारात विणले जाते. आमची मुले ती जीन घालतात, पण ती त्यांना फोनवरून येते.

आमचा एक जुना विद्यार्थी यवतमाळला कपड्यांच्या एका नव्या कंपनीच्या दुकानात लागला आहे. बारावी झालेला, हुशार, चार बहिणींचा भाऊ. मागच्या बकरी ईदला तो भेटायला आला तेव्हा मामू बसलेले होते. त्यांनी त्याची मुलाखतच घेतली.

“पगार कंपनी देते?”

“नाही, एजन्सी.”

“पीएफ?”

“कापतात. कुठे जमा होतो बघावं लागेल.” तो फोन आम्ही घेतला आणि पुढचा अर्धा तास त्याचा नंबर शोधण्यात गेला. रक्कम होती, पण सात महिन्यांची. तो लागून चौदा महिने झाले होते.

मामूंचा शेवटचा प्रश्न, “बैठने को क्या है?”

पोरगा हसला. “बसायचं नसतं नानाजी. दहा तास उभं.”

दुकानात काम करणाऱ्यांना बसण्याचा हक्क हवा म्हणून केरळात २०१८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. कोझिकोडच्या साडी दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी लढा दिला होता. २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला. आपल्याकडे अजून त्याची चर्चाही धड ऐकू येत नाही. बाटाच्या विक्रेत्याला स्टूल मिळत होता तो दुसऱ्याचा पाय हातात घ्यायचा म्हणून. पण बसायला मिळत होते. आता गिऱ्हाईक स्वतःच खोके उघडते, स्वतःच वाकून बूट चढवते, आणि पोरगा बाजूला उभा राहून कॅमेऱ्याकडे बघतो.

आणि भाव? आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी आणि आम्ही स्टाफरूममध्ये शेजारी बसून एकाच बुटाची जोडी दोन फोनांवर उघडली. त्यांना ६४९ दिसले, आम्हाला ७२९. संध्याकाळी दोन्ही आकडे बदलले होते. अम्मीला जे खुपत असे, कपड्याकडे आणि बोलीकडे बघून निघणारा भाव, तो परत आला आहे. पूर्वी बघणारा समोर गादीवर बसलेला असे; त्याच्याशी भांडता येत होते, चुकारा येईपर्यंत थांब म्हणता येत होते. आता कोण बघतो, आमच्यात काय बघतो, हे दिसत नाही. वही मात्र नव्या नावाने उघडलीच आहे, हप्ता. आणि तिच्यात मयतीची सवलत नाही.

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवले की सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे मोफत द्यायचे. मुलामागे १७० रुपये. खरेदी शाळा व्यवस्थापन समितीने करायची, म्हणजे आमच्याकडे आम्ही. एकशे अठरा मुले होती. पायाची मापे घ्यायची म्हणून कोणीतरी जुनी उर्दू वर्तमानपत्रे आणून पसरली. ती उचलायला लावली, त्यांत कुठे काय नाव छापलेले असेल सांगता येत नाही, त्यावर पाय कसा ठेवायचा? मग खाकी कागद आणले. पहिलीच्या वर्गातला बुटका स्टूल घेऊन आम्ही बसलो आणि एकेकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. गुदगुल्या होऊन मुले हसत होती. सहावीतली एक मुलगी रांगेत शेवटी उभी राहून राहून पुन्हा मागे जात होती. तिची टाच फुटलेली होती, शनिवार-रविवारी आईबरोबर कापूस निंदायला जाते. फडके जवळ होते. पुसून पेन्सिल फिरवली. नंबर तीन.

१७० रुपयांत बूट आणि दोन मोजे कोण देणार? दारव्ह्यात दोघांनी हात जोडले. यवतमाळच्या एका घाऊक दुकानात जायचे ठरले तेव्हा मामू म्हणाले, मी येतो, मला माल कळतो. माल त्यांना खरोखरच कळतो. तळवा वाकवून, शिवण नखाने ओढून त्यांनी तीन नमुने बाजूला केले आणि चौथ्यावर बोट ठेवले. दुकानदार म्हणाला, “एकशे पंच्याण्णव. खोटं सांगणार नाही चाचा, एकच भाव.” मामूंनी मान हलवली आणि ते उठून दाराकडे बघू लागले. जोहरला अजून अवकाश होता.

मामी त्यांच्यामागेच उभ्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातला स्टूल पुढे ओढला, बुरखा सावरून बसल्या आणि दुकानातल्या पोराला चहा सांगितला.

पावणेदोन तासांनी १६८ ला ठरले, मोजे धरून. उरलेल्या पैशांत एस.टी.च्या पार्सलचे भाडे काही निघाले नाही. ते मुख्याध्यापकांनी दिले. दोन नंबरचे नऊ जोड कमी भरले. ते दिवाळीच्या सुट्टीनंतर आले.